कॅलिफोर्निया: शाळा सुटल्यावरचे सरकारी पैशातले वर्ग. प्रवेश कोणाला, आणि मंडळाला तिथे शिकवायचं असेल तर?

चिंचपाणी

बे एरियात राहतो. ऑगस्टमध्ये मुलगी पहिलीत जाईल, मुलगा टीकेमध्ये (मोठ्या गटाच्या आधीचं वर्ष). शाळांच्या डिस्ट्रिक्टची मेल आली आहे: 'एक्सपांडेड लर्निंग', शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत, गृहपाठ, खाणं, कला, खेळ, फी नाही. खाली बारीक अक्षरात 'पात्र विद्यार्थ्यांना प्राधान्य'. दोघंही नोकरी करतो, त्यामुळे नाहीतर खाजगी आफ्टरकेअर.

प्रश्न असे:
१. पात्र म्हणजे कोण? उत्पन्न बरं असलं की विषय संपला का?
२. शुक्रवारी साडेचारला पोहण्याचा क्लास आहे. मध्येच नेता येतं का?
३. एच-१बीवर आहोत. हा 'सरकारी लाभ' धरून पुढे ग्रीन कार्डाला अडचण येईल का?
४. आमच्या मंडळातल्या तिघीचौघींना तिथे लेझीम, वारली असं काही शिकवायचं आहे. मंडळाने स्वतः ग्रँटसाठी अर्ज करावा का?

---

सहाचा_भोंगा

आधी डिस्ट्रिक्टला एकच गोष्ट विचारा: तुमच्या शाळेतला कार्यक्रम कोणत्या पैशातून चालतो? वेळ, प्रवेश, लवकर नेण्याचे नियम, सगळं त्यावर ठरतं. कॅलिफोर्नियात खिसे तीन आहेत आणि बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. तेच टीशर्ट घातलेले ताईदादा, तेच सफरचंद आणि चीज.

पहिला एएसईएस, म्हणजे आफ्टर स्कूल एज्युकेशन अँड सेफ्टी. २००२ च्या नोव्हेंबरात मतदारांनी प्रस्ताव ४९ मंजूर केला त्यातून आलेला. अर्नोल्ड श्वार्झनेगर गव्हर्नर होण्याआधी याच प्रस्तावाचा प्रचार करत होते. वर्षाला ५५ कोटी डॉलरची हमी, पैसे प्रत्यक्ष त्या पातळीला आले २००६-०७ मध्ये. मोठ्या गटापासून नववीपर्यंतची मुलं. आठवड्याला किमान १५ तास आणि शाळेच्या प्रत्येक दिवशी किमान संध्याकाळी सहापर्यंत उघडं राहावंच लागतं. वीस मुलांमागे एक माणूस. दर मूल दर दिवस १०.१८ डॉलर, आणि ते हजेरीवर. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न २ चं उत्तर तिच्यात आहे.

दुसरा ईएलओ-पी (एक्सपांडेड लर्निंग ऑपॉर्च्युनिटीज प्रोग्राम), २०२१ पासूनचा आणि आता सर्वात मोठा. टीके ते सहावी. यात 'सहा वाजेपर्यंत' असा नियम नाही. शाळेचे तास धरून एकूण नऊ तास, एवढंच. म्हणजे शाळा सव्वाआठला भरत असेल तर सव्वापाचला नऊ तास पुरे होतात आणि दार बंद होऊ शकतं. लोक 'सहापर्यंत' गृहीत धरून ऑफिसची वेळ ठरवतात आणि पहिल्याच आठवड्यात फसतात. बुधवारी शाळा लवकर सुटली तरी नऊ तास द्यावेच लागतात, ती काळजी नको. शिवाय वर्षाला ३० बिगरशाळेचे दिवसही नऊ-नऊ तासांचे. बहुतेक ठिकाणी ते उन्हाळ्यात घालतात, म्हणून उन्हाळी शिबिराची चौकशी याच खिडकीवर करा.

तिसरा केंद्राचा, ट्वेन्टीफर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स. गरिबी जास्त आणि निकाल कमी अशा शाळांसाठी. तुमच्या भागात हा असण्याची शक्यता कमी.

पुष्कळ शाळांत हे दोन-तीन एकत्र शिवलेले असतात. तेव्हा ज्या नियमाचा फास सर्वात घट्ट, तो सगळ्यांना लागतो.

आता लवकर नेणं. एएसईएसच्या पैशात प्राथमिकच्या मुलाने रोज, पूर्ण वेळ यावं अशी अपेक्षा आहे. लवकर जाण्याची लेखी 'अर्ली रिलीज पॉलिसी' असते आणि सही करताना कारणाचा कोड टाकावा लागतो. ठरलेला समांतर वर्ग, डॉक्टर, लवकर अंधार पडणं अशी कारणं साधारण त्यात असतात, म्हणून शुक्रवारचं पोहणं बहुतेक बसेल. मात्र ते प्रवेश घेतानाच लिहून द्या. रोज पावणेपाचला 'आज जरा लवकर' करणाऱ्यांचं स्थान धोक्यात येतं, कारण लक्ष्याच्या मानाने हजेरी १५ टक्क्यांहून जास्त खाली सलग दोन वर्षं राहिली तर शाळेची ग्रँट कापली जाते. समन्वयिका कटकट करते ती त्यासाठी, खवचटपणा नव्हे. नुसत्या ईएलओ-पीत पैसे असे रोजच्या हजेरीला बांधलेले नाहीत, तिथे सहसा जास्त सैल असतं.

---

खडूफळा

प्रश्न १. इथे आपले लोक हमखास चुकतात, म्हणून सविस्तर.

ईएलओ-पीत 'पात्र' म्हणजे बहुधा 'अनडुप्लिकेटेड' मूल. ते तीन प्रकारांनी होतं: कमी उत्पन्न, फॉस्टर केअर (आईवडिलांऐवजी सरकारी देखरेखीत), किंवा इंग्लिश लर्नर (इंग्लिश अजून शिकणारं). तिघांपैकी एक पुरे. तिसऱ्या प्रकाराचा उत्पन्नाशी काहीही संबंध नाही.

मूल इंग्लिश लर्नर ठरतं कसं? नाव घालताना 'होम लँग्वेज सर्व्हे' भरून घेतात. मुलाने बोलायला सुरुवात केली ती कोणत्या भाषेत, घरी ते जास्त काय बोलतं, तुम्ही त्याच्याशी जास्त काय बोलता, आणि घरातली मोठी माणसं काय बोलतात. पहिल्या तिनांपैकी कुठे मराठी लिहिलंत की नाव घातल्यापासून ३० दिवसांत इनिशियल ईएलपॅक ही चाचणी होते. त्यात मूल पुरेसं इंग्लिश बोलतं असं ठरलं तर विषय तिथेच संपला. नाही ठरलं तर ते इंग्लिश लर्नर, आणि मग उत्पन्न काहीही असो, डिस्ट्रिक्टला ते मूल मोजता येतं आणि त्याला जागा देऊ करावी लागते.

फी हा वेगळा मुद्दा. ईएलओ-पीत फी घ्यायला बंदी नाही, पण ती उत्पन्नानुसार चढती असावी लागते, आणि मोफत-सवलतीच्या जेवणाला पात्र असलेल्यांना माफ किंवा कमी. इंग्लिश लर्नर आहे म्हणून आपोआप फुकट असं कायदा म्हणत नाही. बरेच डिस्ट्रिक्ट अनडुप्लिकेटेड मुलांकडून काहीच घेत नाहीत, एवढंच.

दुसरं: डिस्ट्रिक्टमधल्या अशा मुलांचा टक्का पाहा. २०२५-२६ पासून तो ५५ किंवा जास्त असेल तर टीके ते सहावी सगळ्यांनाच जागा देऊ करावी लागते. आधी ही रेषा ७५ वर होती. तुमच्याकडे टक्का कमी असणार, म्हणून मेलमध्ये 'प्राधान्य' हा शब्द आला. आकडा डिस्ट्रिक्टच्या एलकॅप नावाच्या वार्षिक आराखड्यात मिळेल. ईएलओ-पीचा स्वतःचा आराखडाही बोर्डाने जाहीर सभेत मंजूर करून संकेतस्थळावर ठेवायचा असतो. प्रतीक्षायादीचा क्रम कसा लावतात ते त्यात नसेल तर लेखी विचारा.

आणि उत्पन्नाचा फॉर्म. २०२२-२३ पासून कॅलिफोर्नियात नाश्ता-जेवण सगळ्यांना फुकट, म्हणून 'फॉर्म कशाला भरायचा' असं होतं. पण मुलांची मोजणी त्याच फॉर्मवर होते. ती ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारची. घरातली माणसं आणि उत्पन्न यांच्या हिशेबात बसत असाल तर सप्टेंबरातच भरून टाका.

---

चिंचपाणी

धन्यवाद, हे माहीतच नव्हतं. आम्ही मुलीच्या वेळी सर्व्हेत 'इंग्लिश' लिहिलं होतं, कारण कोणीतरी सांगितलं की मराठी लिहिलं तर वेगळ्या वर्गात बसवतात. आणि मुलगा टीकेत आहे, त्याचं काय?

---

खडूफळा

टीकेतल्या मुलांना ईएलपॅक नाही. २०२४ च्या कायद्याने त्यांना त्यातून वगळलं आहे, त्यामुळे मुलगा मोठ्या गटात जाईपर्यंत भाषेच्या वाटेने पात्र होणार नाही. त्यातून टीकेच्या जागा आधीच कमी: तिथे आणि मोठ्या गटात दहा मुलांमागे एक माणूस लागतो, पहिलीपासून वीस. एकाच शाळेत बहिणीला जागा आणि भावाला यादी, असं होतं ते यामुळेच. भावंडांना प्राधान्य आहे का, तेही विचारा. मुलाच्या नावाने खाजगी पर्याय हाताशी ठेवाच.

सर्व्हेबद्दल: खरं ते लिहा, एवढंच. जागेसाठी मराठी लिहू नका आणि वेगळ्या वर्गाच्या धास्तीने इंग्लिशही लिहू नका. वेगळा वर्ग म्हणजे प्रत्यक्षात दिवसातला थोडा वेळ इंग्लिशचा खास तास. तो लागू झाला की मूल 'रीक्लासिफाय' होईपर्यंत, म्हणजे इंग्लिश पुरेसं येतं असं ठरेपर्यंत, दर वसंतात ईएलपॅक देत राहतं. रीक्लासिफाय झालं की भाषेमुळे मिळालेली पात्रता गेली, म्हणजे तिसरीत जागा जाऊ शकते हेही धरून चाला. मुलगी आता सफाईने इंग्लिश बोलत असेल तर सर्व्हे बदलून काही हाती लागणार नाही.

---

सहाचा_भोंगा

प्रश्न ३ राहिला. शाळा व्हिसा विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या प्लायलर निकालापासून सार्वजनिक शाळेचं दार इमिग्रेशनच्या स्थितीवर अवलंबून नाही. 'पब्लिक चार्ज' म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून राहील अशा कारणाने ग्रीन कार्ड नाकारणं. त्याच्या २०२२ च्या नियमात मुख्यतः रोख मदत आणि सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत ठेवणं हे धरतात. शाळा, शाळेतलं खाणं त्यात नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात हा नियम मागे घेण्याचा प्रस्ताव आला आहे, तेव्हा अर्ज भरायच्या वेळी वकिलाला एक ओळ विचारा.

खाजगी आफ्टरकेअर घ्यावंच लागलं तर कंपनीच्या डिपेंडंट केअर एफएसएची (मुलांच्या देखभालीसाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायची सोय) मर्यादा २०२६ पासून घरटी ५,००० वरून ७,५०० डॉलर झाली आहे. तेरा वर्षांखालच्या मुलाची देखभाल त्यात बसते. नुसता पियानोचा किंवा पोहण्याचा क्लास बसत नाही. सांभाळणाऱ्या संस्थेचा टॅक्स क्रमांक आधीच मागून घ्या, एप्रिलमध्ये कोणी फोन उचलत नाही.

---

हिशेबनीस

प्रश्न ४. ग्रँट मागू नका. व्हेंडर व्हा, म्हणजे डिस्ट्रिक्टला सेवा देणारे कंत्राटदार.

कारण आकड्यांत. केंद्राच्या ट्वेन्टीफर्स्ट सेंच्युरीतून एका अर्जाला वर्षाला किमान ५०,००० डॉलर, तीन ते पाच वर्षं. ऐकायला गोड. पण पैसे बहुतेक ठिकाणी खर्च केल्यावर परत मिळतात, म्हणजे दोन-तीन महिन्यांचे पगार मंडळाच्या खात्यातून आधी द्यायचे. प्रत्येक पगारी माणसाने कोणते तास कोणत्या कामाला दिले याची नोंद. हजेरी रोज, मुलागणिक. वर नियम असा की हा पैसा आधीच्या खर्चाच्या जागी वापरायचा नाही, भर म्हणूनच वापरायचा. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब फेब्रुवारीपर्यंत न लागणाऱ्या मंडळाने या वाटेला जाऊ नये. एएसईएस आणि ईएलओ-पीचे पैसे तर मुख्यतः शाळांमार्फत फिरतात, तिथे तुम्ही बहुधा कंत्राटदार म्हणूनच येणार.

व्हेंडर व्हायचं तर डिस्ट्रिक्टच्या एक्सपांडेड लर्निंग समन्वयकाला फेब्रुवारी-मार्चमध्ये गाठा. ऑगस्टमध्ये गेलात तर वेळापत्रक भरलेलं असतं. एका पानाचा प्रस्ताव पुरतो: कोणती इयत्ता, किती मुलं, किती मिनिटं, किती आठवडे, जागा काय हवी, साहित्य कोण आणणार, दर सत्राचा दर. पहिली संधी म्हणून ते उन्हाळ्यातले ३० दिवस मागा. नऊ तास भरायचे असतात आणि त्यांना माणसं हवीच असतात.

कागद: डब्ल्यू-९ (टॅक्स क्रमांकाचा फॉर्म); दायित्व विम्याचं प्रमाणपत्र, साधारण दर घटनेला १० लाख डॉलर, डिस्ट्रिक्टचं नाव 'अॅडिशनल इन्शुअर्ड' (विम्याचं संरक्षण त्यांनाही) म्हणून; मुलांच्या लैंगिक अत्याचारासंबंधीचं वेगळं कव्हर. ते स्वस्त पॉलिसीत नसतं आणि कंत्राट तिथेच अडतं. टीबीची तपासणी किंवा जोखीम-प्रश्नावली. मँडेटेड रिपोर्टरचं (मुलांवरच्या अत्याचाराची खबर देणं बंधनकारक असलेल्यांचं) प्रशिक्षण, ऑनलाइन. आणि लाइव्ह स्कॅन, म्हणजे बोटांचे ठसे.

लाइव्ह स्कॅनमध्ये घोळ एकच आणि सगळेच करतात: 'माझं मागच्या वर्षी दुसऱ्या शाळेसाठी झालंय.' ते चालत नाही. निकाल ज्या संस्थेच्या कोडवर मागवला तिलाच जातो. डिस्ट्रिक्टने दिलेला फॉर्म घेऊनच जा. निकाल बहुधा काही दिवसांत येतो, पण एखादीचा अडकला तर आठवडे जातात, म्हणून तिघी शिकवणार असाल तर पाच जणींचं करून ठेवा. बदली कोणी नसलं की सत्र रद्द, आणि सत्र दोनदा रद्द केलेल्याला पुढच्या वर्षी बोलावत नाहीत.

धर्माचं: धार्मिक संस्थांनाही हा पैसा मिळू शकतो, पण या पैशातल्या तासात पूजा, आरती, धर्मशिक्षण नाही. दिवाळीचा आकाशकंदील कला म्हणून चालतो. 'आता सगळे हात जोडा' चालत नाही.

---

कुंकवाचा_करंडा

शिकवण्याबद्दल थोडं, कारण प्रस्ताव छान आणि दुसऱ्या आठवड्यात गोंधळ हेच जास्त दिसतं.

कागदावर ६० मिनिटं असतात, हातात ४० येतात. शौचालय, रांग, खाणं आणि पाच वाजता न्यायला आलेले पालक यात वीस जातात. महत्त्वाचं सगळं पहिल्या पंचवीस मिनिटांत करा, शेवटी असं काही ठेवा की मूल मध्येच उठलं तरी बिघडणार नाही.

वारली याला सर्वात सोयीची. तपकिरी क्राफ्ट कागद, पांढरा पोस्टर रंग, ब्रशऐवजी बांबूच्या काड्या, टोक थोडं घासून बोथट केलेलं. वीस मुलांना चार टेबलं, दर टेबलाला रंगाच्या दोन छोट्या वाट्या, प्रत्येकी दोन चमचे. जास्त ओतलात की काडीला रंग जास्त लागतो आणि माणसांचे त्रिकोण विरघळतात. पहिल्या दिवशी फक्त दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून एक माणूस. तारपा नाच तिसऱ्या आठवड्यात. हे पालघर-डहाणूकडच्या वारली समाजाचं आहे, नुसती 'इंडियन डिझाइन' नव्हे, हे दोन वाक्यांत सांगा.

लेझीम शाळेच्या खोलीत नको. वीस लेझमांच्या आवाजात शेजारचा गृहपाठाचा वर्ग कोसळतो. मैदान किंवा जिम मागा. दोन मुलांत दोन हात अंतर, लहान आकाराची लेझीम, आणि दर वेळी आधी साखळीच्या चकत्या तपासायच्या. वाकलेली किंवा गंजलेली चकती बोटाला लागते. वीस मुलांना बावीस आणा. पहिली-दुसरीला आठ मोजेपर्यंतच्या दोन चाली पुरेत, बैठकीची चाल चौथीपुढे. दोरीचा मल्लखांब प्रस्तावात लिहूच नका, विमावाले संपूर्ण अर्ज परत पाठवतील.

आकाशकंदील एका सत्रात होत नाही. गोंदाची कांडी जाड कागदाला धरत नाही आणि ओला गोंद वाळायला वेळ मागतो. पहिल्या आठवड्यात घडी आणि कापणं, दुसऱ्यात स्टेपलर आणि झिरमिळ्या. रांगोळीची भुकटी गालिच्यावर आणलीत तर सफाईवाले काका पुन्हा खोली देणार नाहीत. डांबरावर खडूने ठिपक्यांची काढा. खाऊ वाटू नका, चिवड्यातले शेंगदाणे तर मुळीच नकोत.

---

डॅलसचा_पाऊस

कॅलिफोर्नियाबाहेरच्यांसाठी. टेक्सासात केंद्राचाच पैसा 'टेक्सास एस' या नावाने येतो, आणि त्यात कुटुंबासाठीचा भाग ठळक आहे. कायद्यातच आहे की मुलांच्या पालकांना त्यांच्या शिक्षणात सहभागी करून घ्या, साक्षरतेची संधी द्या. प्रत्यक्षात संध्याकाळचे इंग्लिश वर्ग, जीईडीची (हायस्कूल पूर्ण केल्याच्या बरोबरीची परीक्षा) तयारी, पैशाच्या नियोजनाचं शिबिर. एच-४ (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) वर घरी असलेल्या पालकांना हे उपयोगी पडतं, पण कोणी विचारत नाही. हे त्या केंद्रात नाव असलेल्या मुलांच्या घरच्यांसाठी आहे, आधी मूल दाखल हवं.

हा पैसा एकट्या केंद्राचा असल्याने झटकाही तिथूनच बसतो. २०२५ च्या १ जुलैला राज्यांना मिळायचे होते ते पैसे रोखले गेले आणि महिन्याच्या उत्तरार्धात सुटले. शाळा उघडायच्या तोंडावर माणसं नेमायची कशी, हा घोळ तेव्हा खूप ठिकाणी झाला. ज्या राज्यात स्वतःचा पैसा नाही तिथे प्रवेश घेताना विचारा: ग्रँटचं कितवं वर्ष? पाचांपैकी पाचवं असेल तर पुढच्या वर्षी केंद्र असेलच असं नाही.

---

चिंचपाणी

डिस्ट्रिक्टला विचारलं. ईएलओ-पीच, शाळा ८:२५ ला भरते. म्हणजे ५:२५?

---

सहाचा_भोंगा

हो, किमान ५:२५. काही डिस्ट्रिक्ट स्वतःहून सहा करतात, पण ते लेखी घ्या. आणि घ्यायला जाणाऱ्यांच्या यादीत शेजारच्यांपैकी एकाचं नाव आत्ताच घालून ठेवा. यादीत नाव आणि हातात फोटोचं ओळखपत्र नसेल तर सख्ख्या मावशीलाही मूल देत नाहीत.